हवा खायला जाताना राहून गेलेला विमा

कारखान्यातल्या टाइमकीपरनं मला खिडकीशी बोलावून सांगितलं, "सोमवारपासून दहा दिवस येऊ नकोस." मी विचारलं, "माझा गुन्हा काय?"

"गुन्हा नाही रे. रजा. भरपगारी."

"म्हंजे मी घरी बसनार आनि पगार तुमी देनार?"

"नवा कायदा आलाय."

"मंग त्या कायद्याला सांगा, मी फुकटचं खात नाय."

टाइमकीपरनं चष्मा काढून कपाळ चोळलं. माझ्या आधी बऱ्याच जणांना समजावून तो दमला होता. म्हणाला, "बाबा, तू इथं सही कर आणि जा." मी सही केली. मी मराठी तिसरी पास आहे. नुसता वर्गात बसून आलेला नाही, पास. बॉयलरवर कोळसा ओढणारे आम्ही अकरा जण, त्यात सही करणारा मी एकटा. बाकीच्यांच्या अंगठ्याला महिन्यातून एकदा शाई लागायची, माझ्या अंगठ्याला ती आजवर लागलेली नाही.

आमचं गाव डोंबिवलीहून खाडीकडे उतरलं की लागायचं. पुढं मिठागरं, मागं भाताची शेतं. ठाण्याला कारखान्यात जाणारे आम्ही चार-पाच जण, बाकी सगळे मिठावर. मिठाच्या कामाला रजा नसते. पाऊस आला की मीठ थांबतं आणि शेत सुरू होतं. सुट्टी म्हणजे कोणाचं लग्न, नाहीतर कोणाची मयत. अशा गावात मी घरी जाऊन सांगितलं की मला दहा दिवस रजा आहे. आई म्हणाली, "काय दुखतंय तुजं?"

बायकोनं मात्र भाकरी थापता थापता विचारलं, "पगार?"

"मिळनार."

"मंग चला महाबळेश्वरला."

यामागं चार वर्षांचं दुखणं होतं. बायको ठाण्याला बंगल्यांवर भाजी विकायला जायची. तिथल्या एका डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलं की आम्ही दर मे महिन्यात महाबळेश्वरला जातो, तिथं मे महिन्यातसुद्धा गोधडी घ्यावी लागते. बायकोनं ते येऊन विहिरीवर सांगितलं. आमच्याकडे मे महिन्यात माणसं ओलं फडकं अंगावर टाकून पडतात. सगळी विहीर हसली. तिची थोरली जाऊ, म्हणजे माझी वहिनी, म्हणाली, "मे महिन्यात गोधडी? मंग पुसाच्या थंडीत काय चितेवर झोपतात?"

तेव्हापासून दर उन्हाळ्यात विहिरीवर कोणी घाम पुसला की दुसरी म्हणायची, "गोधडी आना गं हिला." शेवटी बायकोनं वहिनीशी अंडी घालणाऱ्या दोन कोंबड्यांची पैज मारली. कोंबड्यांचं तिला काही नव्हतं. तिच्या स्वतःच्या चार होत्या. पण चार वर्षं गावानं तिला खोटारडी ठरवलं होतं, आणि ती खोटं बोलणारी बाई नव्हती.

मीही तिच्या बाजूनं नव्हतो, खरं ते लिहितो. मी विहिरीवर सगळ्यांदेखत म्हणालो होतो, "तुजी डॉक्टरीनबाय नाजूक असंल. मी लहानपनापासून चिखलात मीठ ओढलंय. मना पुसातसुद्धा थंडी वाजत नाय." हे गावाला पाठ होतं. थंडी न वाजण्याबद्दल माझं नाव होतं.

रविवारी घराच्या ओटीवर बैठक बसली. वडील नव्हते, म्हणून घरात काकांचा शब्द. काकांनी विचारलं, "तिथं देव कंचा?"

बायको दाराआडून म्हणाली, "महादेव हाय. पन आमी त्याच्यासाठी नाय चाललो."

काकांनी विडी कानावरून काढली आणि परत कानावर ठेवली. "देव हाय, आनि त्याच्यासाठी नाय? मंग कशासाठी?"

"हवा खायाला."

काकांनी खाडीकडे बघितलं. खाडीवरचा वारा इतका सुटला होता की त्यांचं धोतर फडफडत होतं. एका हातानं धोतर धरून ते म्हणाले, "आनि ही काय हाय?"

आईला वेगळीच काळजी. तिनं कुठंतरी ऐकलं होतं की घाटात मोटार वळते तेव्हा तिचं एक चाक हवेत असतं. "तीन चाकांवर माजा पोरगा जानार नाय," ती म्हणाली.

तेवढ्यात मास्तर आले. हे मास्तर डोंबिवलीच्या शाळेत शिकवायचे आणि शाळा सुटली की एका कंपनीचे विमे विकायचे. पांढरी टोपी, छत्री, खांद्याला पिशवी. बोलणं थेट पुण्याचं. पंचक्रोशीत कोणी ट्रंक बाहेर काढली तरी त्यांना कळायचं. एरवी ते मला 'अरे तू' म्हणायचे. पिशवीतून फॉर्म बाहेर आला की 'आपण' म्हणायचे.

"आपण प्रवासाला निघालात असं समजलं," ते म्हणाले. "सहकुटुंब. घाटातून. विमा उतरवलात?"

विमा म्हणजे काय हे गावात कोणालाच नीट ठाऊक नव्हतं. मास्तरांनी छापील कागद काढला आणि शाळेत धडा वाचतात तसा वाचला. "प्रवासात अपघाती मृत्यू आल्यास पूर्ण रक्कम. दोन्ही डोळे गेल्यास पूर्ण. दोन्ही पाय गेल्यास पूर्ण. एक हात किंवा एक पाय गेल्यास निम्मी. अंगठा गेल्यास पाव."

ओटीवर सगळे आपापले हातपाय बघायला लागले. मग आईनं विचारलं, "कान?"

मास्तरांनी कागद उलटून पाहिला. "कानाचं इथं काही दिलेलं नाही."

"का? कान काय रस्त्यावर पडलेत?"

काका म्हणाले, "याचा उजवा पाय लहानपनी बांधावरून पडून मोडलेला हाय. त्याचे किती?"

"आधी मोडलेला धरत नाहीत."

"म्हंजे डावाच मोडाया पायजे."

"काका, मुद्दाम मोडायचा नसतो हो."

आतून वहिनीचा आवाज आला. "दोन पाय गेले तरी पूर्न, आनि मेला तरी पूर्न. मंग मरायचं कशाला?"

मास्तरांनी कागदाची घडी घातली. ते म्हणाले की पाणी मिळेल का.

पाणी पिऊन होईपर्यंत आमच्या घराचे चार तुकडे झाले होते. आईनं सगळा कागद आपल्या परीनं समजून घेतला होता. तिचं म्हणणं, ज्या कंपनीला पैसे द्यायला लागणार ती कंपनी डायव्हरला आधी जाऊन सांगणार, की बाबा, हा आपला माणूस आहे, हळू चालव. म्हणून विमा काढल्याशिवाय जायचं नाही. काका म्हणाले, घरातून निघताना आपलं मरण कागदावर लिहून निघायचं म्हणजे यमाला पत्ता दिल्यासारखं. म्हणून विमा काढला तर जायचं नाही. मी म्हणालो, मी जाणार आणि विमा काढणार नाही, कारण मास्तर बोलता बोलता म्हणून गेले होते, "आपल्यासारख्या गरिबाच्या मागे बायकोला तेवढाच आधार." गरीब कोण? मी काय त्यांच्या दारी मागायला गेलो होतो? आणि बायको म्हणाली, काढा नाहीतर नका काढू, गाडी कितीला आहे ते सांगा.

असं अडलं की आमच्याकडे एकच कोर्ट. गावदेवीला कौल लावायचा. देवीचा भगत देवीच्या दगडाला उजवीकडे एक आणि डावीकडे एक अशा चाफ्याच्या ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि प्रश्न विचारतो. उजवी पाकळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. जमिनीचे वाद, सोयरिकी, सगळं या दोन पाकळ्यांवर चालायचं, आणि कोणी वर अपील केल्याचं मला आठवत नाही.

देवीचा वार मंगळवार. सोमवारी रजा सुरू झाली आणि पहिला दिवस मंगळवारची वाट बघण्यात गेला. मंगळवारी सकाळी आम्ही सगळे देवळात. मास्तरही आले. त्यांच्या शाळेला सुट्टी लागली होती.

भगतानं पाकळ्या भिजवल्या आणि विचारलं, "काय इचारायचं?"

काका म्हणाले, "हवा खायाला जावं का, आनि इमा काढावा का?"

उजवी पाकळी पडली. लगेच मागोमाग डावी पडली.

"जायचं, पन इमा नाय," मी म्हणालो.

"इमा काढायचा, पन जायचं नाय," आई म्हणाली.

भगत चिडला. "दोन सवाल एका दमात इचारतात का? देवी काय बाजारात बसलीय? येक येक इचारा. आनि दुसरा नारल आना."

नारळ आला. भगत म्हणाला, "आनि ही वस्तू काय हाय ती तिला आधी समजावली पायजे. तिला पाऊस कळतो, सोयरीक कळते, हरवलेली म्हैस कळते. इमा तिच्याकडं पयल्यांदाच आलाय."

सगळ्यांनी मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी वहाणा काढल्या, टोपी सारखी केली आणि देवीपुढं हात जोडून म्हणाले, "हे माते, विमा म्हणजे असं की अनेकांनी मिळून थोडी थोडी रक्कम द्यावी आणि त्यांपैकी ज्याच्यावर आपत्ती कोसळेल त्याला त्यातून..."

"म्हंजे गावजेवनाची वर्गनी," भगत म्हणाला.

"जवळपास तसंच."

"मंग तसं सांगा ना. उगा दमवताय तिला."

मास्तर पुढं अटी वाचायला लागले, तेव्हा भगतानं हात आडवा केला. "बारीक अक्षरं नको. ऊन चढतंय."

पहिला सवाल: जावं का? पाकळ्या चिकटवल्या. पडेनात. आम्ही उभे. घाम गळून गळून मास्तरांच्या टोपीची कड ओली झाली. देवीला हवा खाणं म्हणजे काय हेच कळत नसणार, कारण तोवर गावातून ते कोणी विचारलेलंच नव्हतं. मग बायको पुढं झाली. हात जोडले नाहीत, कमरेवर ठेवले.

"बाय," ती देवीला म्हणाली, "तू पन इथं माज्यासारखीच घाम गालत उभी हायेस. मना येकदा जाऊ दे. तुज्यासाठी तिथला गार दगड आनीन, पायाशी ठेवाया."

उजवी पाकळी टपकन पडली. काकांचं तोंड उघडंच राहिलं.

दुसरा सवाल: विमा काढावा का? मास्तर दगडाच्या अगदी जवळ वाकून उभे होते. त्यांनी श्वास रोखून धरला होता. तो त्यांनी सोडला आणि उजवी पाकळी पडली.

"मास्तरांनी फुंकर मारली!" मी ओरडलो.

"मी श्वास सोडला. माणूस श्वास सोडतोच."

"देवीनं दिला म्हंजे दिला," भगत म्हणाला आणि दुसरा नारळ उचलून पिशवीत टाकला. माझं अजून मत आहे की ती फुंकर होती.

पण कौल तो कौल. मी देवीचा शब्द मोडणारा नाही. तिथंच पारावर बसून मास्तर फॉर्म भरायला लागले. एका रकान्यात आले आणि थांबले. "आपल्या पश्चात रक्कम कोणाला? वारस कोण लिहू?"

"मना," आई म्हणाली. "नऊ महिने मी वागवलाय याला."

"आनि नऊ वर्सं मी वागवतंय," बायको म्हणाली.

दोघी माझ्या मरणाचे पैसे माझ्यादेखत वाटून घ्यायला लागल्या. मला राग आला. मी म्हणालो, "इमा काढ असं सांगितलं कोनी? देवीनं. मंग पैसे पन देवीलाच. लिवा."

"अहो, असं चालत नाही."

"देवीचा कौल चालतो, मंग देवी का नाय?"

मास्तरांनी खूप समजावलं. मी एकदा बोललो की बोललो. शेवटी त्यांनी हात टेकले आणि लिहिलं: ग्रामदेवता. "नातं काय लिहू?"

"आई," भगत म्हणाला.

"आई मी हाय!" आई म्हणाली.

मग नात्याच्या जागी 'गावची' असं लिहिलं. पुढचा रकाना वयाचा.

"पांडवांच्या आधीची हाय," भगत म्हणाला.

मास्तरांनी जरा विचार केला आणि लिहिलं: सज्ञान.

फॉर्म मुंबईला कंपनीच्या कचेरीत गेला. तिथून शिक्का बसून आला की आम्ही निघणार. बायकोनं मंगळवारीच गोधडीचं गाठोडं बांधलं आणि दाराशी ठेवलं. बुधवार गेला. ती गाठोड्याजवळ बसून तांदूळ निवडायची आणि मोजायची, "तिसरा." गुरुवारी, "चवथा." शुक्रवारी वहिनी घाम पुसत दारावरून गेली आणि म्हणाली, "गोधडी इथंच वापरून घे गं." बायकोनं तांदूळ जोरात पाखडले.

शनिवारी मास्तर पडेल चेहऱ्यानं आले. फॉर्म परत आला होता. कंपनीनं वर लाल शाईत लिहिलं होतं, वारस हयात व्यक्ती असावी.

हे भगताच्या कानावर गेलं आणि तो तसाच ओल्या अंगानं आमच्या ओटीवर आला. "हयात असावी? म्हंजे आमची देवी मेलीय?"

"तसा अर्थ नाही, भगतबुवा," मास्तर म्हणाले.

"मंग कसा हाय? सांगा त्या कंपनीला, हिनं डोळा फिरवला ना, तर कचेरीच्या शाईचं पानी व्हईल. कंपनीनं माफी मागल्याशिवाय या घरातलं कोनी येशीबाहेर जायाचं नाय."

काका खूष झाले. आई रडायला लागली. मास्तर म्हणाले, मी नवा फॉर्म आणतो, वारस जिवंत घालू. भगत म्हणाला, परत जिवंत! असं ते संध्याकाळपर्यंत चाललं.

रविवारी पहाटे मी उठलो तर बायको गाठोडं डोक्यावर घेऊन अंगणात उभी.

"कुठं?"

"कंपनी माफी मागंपर्यंत माजी रजा थांबनार नाय."

माझी रजा, असं म्हणाली. कोळसा ओढला मी आणि रजा तिची! पण ती बोलून वाट बघणारी नव्हती. मिठागराच्या बांधावरून चालायलाही लागली. मी सदरा घालत मागं धावलो. बायको पुढं आणि नवरा मागं हे गावानं बघायला नको, म्हणून मी पळत पळत तिच्या पुढं गेलो. तिनं पावलं उचलली. मी परत पळालो. त्यामुळं गावानं जे बघितलं ते असं, की आम्ही दोघं बांधावरून शर्यत लावून चाललोय.

कल्याणला पुण्याची गाडी उभी होती. आम्ही आत बसलो. मला खिडकी मिळाली. मी म्हणालो, "बघ, इमा नाय, काय नाय, निघालो की नाय?" आणि एवढ्यात प्लॅटफॉर्मवर छत्री दिसली. मास्तर एकेका डब्यात डोकावत येत होते. घरी गेले, तिथं कळलं, तसेच मागून आले होते. नवा फॉर्म त्यांनी सगळा भरून आणला होता. वारस: पत्नी. हयात.

"फक्त सही राहिली आहे," ते धापा टाकत म्हणाले. "काका आणि आई दोघंही कबूल आहेत. आईंनी पैसेसुद्धा दिलेत. सही झाली की मी उद्या सकाळीच मुंबईला जातो."

आता आईनंच पैसे दिले म्हटल्यावर मी काय बोलणार? देवीचा कौलही होता. खिडकीच्या कठड्यावर फॉर्म ठेवला. गार्डानं शिट्टी मारली. मास्तरांनी घाईघाईत पिशवीतून शाईची डबी काढली. "अंगठा दे चटकन."

"अंगठा?"

"गाडी सुटतेय रे!"

"मी तिसरी पास हाय."

"ठाऊक आहे मला, पण आत्ता वेळ..."

"पेन द्या. आनि 'आपण' म्हना. फॉर्म भाइर काढलाय तुमी."

"आपण," मास्तर दात आवळून म्हणाले आणि पेन दिलं.

माझी सही करायची एक रीत आहे. आधी वरची रेघ ओढायची, लांब, सरळ, जेवढं नाव तेवढी. मग तिला एकेक अक्षर टांगायचं. आम्हाला असंच शिकवलंय आणि मी अजून तसंच करतो. रेघ ओढून झाली तेव्हा गाडीला हिसका बसला. रेघ वाकडी झाली, म्हणून मी ती शेजारी परत ओढली.

"रेघ राहू द्या!" मास्तर चालायला लागले.

माझं नाव झालं. वडिलांचं नाव घेतलं. मास्तर आता पळत होते, एका हातानं फॉर्म कठड्यावर दाबून, दुसऱ्या हातात छत्री.

"आडनाव राहू द्या!"

"आडनाव का राहू द्या? आडनावाशिवाय सही कोनाची?"

"पुरे, एवढी पुरे..." आणि प्लॅटफॉर्म संपला. फॉर्म मास्तरांच्या हातात गेला आणि पेन माझ्या हातात राहिलं. ते मागून काहीतरी ओरडले. त्यात 'आपण' नव्हतं एवढं नक्की.

बायकोनं विचारलं, "झाली सही?"

"बापाच्या नावापर्यंत झाली."

"म्हंजे निम्मी," ती म्हणाली. "म्हंजे येक पाय तरी मिलंल."

रात्र पुण्याच्या स्टेशनात काढली आणि सोमवारी एस.टी. धरली. घाट लागला. मी भिणारा माणूस नाही. माझा हात पुढच्या दांडीवर होता तो नुसता होता. बायको मात्र खिडकीतून खाली दरीत बघायची आणि सांगायची, "इथनं पडलो तर पूर्न." पुढच्या वळणावर, "इथनं निम्मं. झाड हाय मधी." पलीकडचे एक गृहस्थ उठून मागच्या बाकावर जाऊन बसले.

दुपारी पोचलो तेव्हा लख्ख ऊन होतं. मी हसलो. "कुठाय तुजी थंडी?" तिनं गाठोडं डोक्यावर सारखं केलं. महादेवाच्या देवळामागं धर्मशाळेची पडवी होती, तिथं जागा धरली. गोधडी एकच आणली होती. मे महिन्यात गोधडी वागवणारा पुरुष मी नाही, असं मीच घरी सांगितलं होतं. रजा बुधवारी संपत होती. म्हणजे दहा दिवसांतली एक रात्र हातात होती आणि थंडीला जे काय करायचं ते त्या एका रात्रीत करायचं होतं.

थंडीनं ते केलं. सूर्य गेला तसं धुकं पडवीत आलं, सरळ, न विचारता. वारा असा की आमच्या खाडीवरचा वारा त्याच्यापुढं फुंकर. बायको गोधडीत शिरली आणि आतून म्हणाली, "येताव का आत?"

"नको. बरं वाटतंय."

थोड्या वेळानं परत, "येताव का?"

"नको म्हनलं ना."

मग तिनं विचारलं नाही. मी पाय शिदोरीच्या पिशवीत घातले. मग धोतराचा सोगा डोक्यावरून घेतला. दात एकमेकांवर आपटत होते, ते मी सदऱ्याची बाही तोंडात धरून थांबवले. सकाळी ती उठून मला शोधायला निघाली तेव्हा मी चहावाल्याच्या भट्टीला पाठ लावून बसलो होतो, पाय पिशवीत तसेच. ती बघत राहिली आणि मग हसत हसत खालीच बसली.

"वाजली ना?"

"वारा होता."

"वाजली म्हना."

"वारा होता म्हनलं ना."

परतीला तिनं देवीसाठी एक काळा दगड उचलला. सकाळी हाताला बर्फासारखा लागत होता. तो गार राहावा म्हणून तिनं गोधडीत गुंडाळला. मी म्हणालो, गोधडीत गार राहत नाही. ती म्हणाली, मंग तुमी गार कसे राहिले, गोधडीच्या भाइर?

बुधवारी संध्याकाळी आम्ही गावात आलो ते थेट विहिरीवरच. बायका होत्या, काका होते, आई होती. आईनं माझे दोन हात, दोन पाय हात लावून मोजले. मास्तरही होते, ते पेनासाठी आले होते. बायकोनं सांगितलं, तिथं गोधडी लागते. आणि पुरावा म्हणून दगड काढून वहिनीच्या हातात दिला.

दोन दिवसांचा प्रवास, वर मे महिना. दगड भाकरीच्या तव्यासारखा तापलेला.

वहिनीनं तो या हातातून त्या हातात केला. "लय गार हाय गं," ती म्हणाली आणि विहीर परत हसली. चार वर्षं हसली होती तशीच.

बायकोचं तोंड उतरलं. मी ते तसं आधी बघितलं नव्हतं. ती दगड घेऊन गोधडीत ठेवायला लागली, सावकाश, कोणाकडं न बघता. माझ्याकडंही नाही.

वहिनी म्हणाली, "भावजींना इचारा. ते खोटं नाय बोलायचे. सांगा भावजी, वाजली थंडी?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. वहिनीला माझं उत्तर ठाऊक होतं. सगळ्या गावालाच होतं. बायकोनंही मान वर केली नाही, तिलाही ते ठाऊक असणार. वारा होता, एवढं म्हटलं की माझं नाव राहत होतं.

"वाजली," मी म्हणालो.

"आँ?" काका म्हणाले.

"वाजली. दात वाजले. पाय पिशवीत घातले. चहावाल्याच्या भट्टीला जाऊन चिकटलो. आनखी काय पायजे?"

विहिरीवर कोणी हसेना. रहाटाची दोरी धरलेली बाई दोरी सोडायची विसरली. वहिनी म्हणाली, "भावजी, तुमाला?"

"मना. आनि आता त्या दोन कोंबड्या काढ. तांबडी आनि ती ठिपक्यांची."

बायकोनं मान वर केली. डोळे भरलेले, पण बोलणं तेच. "आनि गोधडी? गोधडीचं सांगा."

"गोधडी दिली असती तर घेतली असती."

"दिली असती? मी तीनदा इचारलं!"

"दोनदा."

"तीनदा! महादेवाची आन!"

मास्तर म्हणाले, "माझं पेन?" पण त्यांच्याकडं लक्ष द्यायला कोणाला वेळ नव्हता, कारण वहिनी, आई आणि अख्खी विहीर आता तीनदाच्या बाजूनं झाली होती. काका एकटे माझ्या बाजूला होते, तेही पुढं तिकडं गेले.

दोनदाच विचारलं होतं.